थांबविण्याचा अधिकार

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टायकीन’ या जहाजाच्या मालकोठारातून धूर येऊ लागला, त्या वेळी त्या जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये आणि त्यांच्या निकट कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. आणि असा माल वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचा लाल बावटा त्याच्यावर नव्हता. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, आणि पुढे बराच वेळ धक्क्यावर एकाच प्रश्नाचा खल चालला: जहाज जागीच बुडवावे, ओढून भर समुद्रात न्यावे, की आहे तेथेच आग विझवावी? जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशामक दलाचे प्रमुख आणि दारूगोळा खात्याचे जाणकार असे सगळेच तेथे उपस्थित होते. परंतु या सर्वांच्या वतीने शेवटचा हुकूम देण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणीच निश्चयाने सांगू शकत नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदीचा व तिच्या पाठीमागच्या वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला, आणि मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्यावर असताना कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

वाहतुकीच्या सुरक्षिततेचा विचार करताना मी या घटनेपासून आरंभ करतो, याचे कारण तिची भीषणता हे नव्हे. आगगाडी, मोटार, बोट, विमान ही सर्व साधने चालविण्याची विद्या आपण उत्तम आत्मसात केली, आणि ती चालू ठेवणे हेच कर्तबगारीचे लक्षण मानण्याची सवय आपल्या कारभारास जडली. परंतु संकट समोर दिसत असता ती थांबवावयाची कोणी, थांबविणाऱ्याचा शब्द किती वेळात कोठवर पोहोचावयाचा, आणि थांबविल्यावर आत बसलेल्या माणसांचे काय करावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या व्यवस्थेने आधीच लिहून, घोकून आणि अंगवळणी पाडून ठेवली आहेत तीच व्यवस्था संकटकाळी टिकते, असे महाराष्ट्राच्या गेल्या आठ दशकांच्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे. घातपात असो, अतिवृष्टी असो, जुना पूल असो की नुसती गर्दी असो, संकटाचे रूप निराळे असते. कसोटी मात्र हीच असते.

प्रथम सागरी वाहतूक घेऊ, कारण तेथील धडा सर्वांत जुना आणि तरीही सर्वांत कच्चा राहिला आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळी समुद्रात उलटून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसांना जलसमाधी मिळाली. सणासाठी घरी निघालेली ती कोकणातली माणसे होती. बोट बुडाली हे मुंबईस कळले ते जे थोडे पोहून किनाऱ्यास लागले त्यांच्या तोंडून, पुष्कळ उशिराने. बोटीकडून किनाऱ्याकडे इशारा जाण्याचा मार्गच नव्हता. पावसाळ्यात त्या दिवशी बोट सोडू नये असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याने तो वापरला नाही, की तसा अधिकार निःसंदिग्धपणे कोणाकडे नव्हताच, हा प्रश्न अलिबाग-रेवसच्या घराघरांत पुढे कित्येक वर्षे विचारला गेला. या घटनेस सत्त्याहत्तर वर्षे उलटल्यावर, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका इंजिनाच्या चाचणीत नियंत्रण सुटून आदळली आणि पंधरा जण मृत्युमुखी पडले. दोन घटनांची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत. तरीही प्रवाशांनी गजबजलेल्या जलमार्गावर कोणती नौका केव्हा व किती वेगाने फिरणार यावर देखरेख करणारी एकच नजर नव्हती, आणि लाइफ जॅकेट निघण्यापूर्वीच प्रत्येक प्रवाशाच्या अंगात चढविण्याचा शिरस्ता पडलेला नव्हता, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. समुद्राकडून येणारे संकट केवळ अपघाताचे नसते, हेही आपण दोनदा अनुभवले: १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांची स्फोटके रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली, आणि २००८ चे हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले. दोन्ही वेळी किनाऱ्यावरच्या साध्या माणसांनी काही ना काही पाहिले होते. पाहणाऱ्यापासून हुकूम देणाऱ्यापर्यंतचा रस्ता तेवढा बांधलेला नव्हता.

आता याच्या उलट बाजूस वळतो, आणि येथे मला थोडे रेंगाळावयाचे आहे. कारण आपल्याच भूमीत थांबविण्याच्या शास्त्राची दोन उत्कृष्ट उदाहरणे आहेत, आणि त्यांचे पुरेसे कौतुक आपण केलेले नाही.

पहिले उदाहरण बोर व थळ घाटांचे. बोर घाटातून १८६३ साली आगगाडी वर चढली तेव्हापासून, सदतीस फुटांस एक फूट अशा उतारावरून जड गाडी खाली उतरविताना ब्रेक निकामी झाला तर काय, हा प्रश्न तेथील अभियंत्यांच्या डोळ्यांपुढे सतत होता. त्यांनी त्याचे उत्तर चालकाच्या कौशल्यावर सोपविले नाही. उतारावर ठरावीक ठिकाणी मुख्य रुळांतून एक बाजूचा रूळ फुटून चढावर जातो. त्यास कॅच साइडिंग म्हणतात. सांधा नेहमी त्या चढावाच्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आपला वेग ताब्यात असल्याचे थांबून दाखविले तरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. न दाखविल्यास गाडी आपोआप चढावर जाऊन स्वतःच्या भारानेच थांबते. यामागील विचार किती खोल आहे पाहा: जाण्याची परवानगी मिळवावी लागते, थांबणे मात्र गृहीत धरलेले असते. याच घाटांतून मध्य रेल्वे पावसाळ्यापूर्वी ‘बोल्डर स्पेशल’ नावाची गाडी चालविते. तीवरची माणसे डोंगराच्या कड्यावर सैल झालेले दगड हुडकून ते पावसाने पाडण्याच्या आधी आपण होऊन पाडतात. या माणसांची नावे कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाहीत, आणि पुण्या-मुंबईचा प्रवासी खिडकीतून धबधबा पाहत निश्चिंत बसतो तो त्यांच्या जिवावर.

दुसरे उदाहरण कोकण रेल्वेचे, आणि ते अधिक बोधप्रद अशासाठी की ते शहाणपण तिला उपजत मिळालेले नव्हते, फार मोठी किंमत देऊन मिळवावे लागले. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेल्या या रेल्वेने सह्याद्रीच्या पायथ्यातून बोगदे आणि खोल कटाई यांच्या आधारे वाट काढली. आणि जांभ्याच्या त्या उभ्या कटाया पहिल्या काही पावसाळ्यांतच ढासळू लागल्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईस निघालेली सुटीची खास गाडी रुळावर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासाहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यातील करंजाडीनजीक मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून पुलावरून कोसळली. त्यानंतर या रेल्वेने जे केले त्यात नाट्यमय असे काहीच नव्हते. कटायांचा उतार कमी केला, कड्यांवर पोलादी जाळ्या बसविल्या, पर्जन्यमापके आणि पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे लावली. आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यापुरते निराळे, संथ वेळापत्रक छापून काढले, मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणण्याचा स्पष्ट हुकूम चालकांना दिला, आणि धोक्याच्या कटायांवर रात्रंदिवस गस्तवाले नेमले. अंधाऱ्या रात्री छत्री-इरले सांभाळीत रुळाच्या कडेने चालणाऱ्या त्या गस्तवाल्याच्या हाती कंदील असतो आणि रुळावर लावावयाचे फटाके असतात. दरड दिसली की त्याने कोणास विचारावयाचे नाही, कोणाची मंजुरी आणावयाची नाही. लाल दिवा दाखवावयाचा आणि चाकाखाली आवाज करणारे फटाके रुळावर लावावयाचे, की शेकडो प्रवाशांची गाडी त्याच्या एकट्याच्या शब्दावर उभी राहिलीच पाहिजे. गाडी उगीच थांबविली म्हणून त्याच्यावर ठपका येत नाही. संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या हाती सर्वांत मोठा अधिकार देण्याचे धैर्य ज्या संस्थेने दाखविले ती संस्था माझ्या मते या सबंध आढाव्यात वंदनीय ठरते.

हे धैर्य रस्त्यांच्या कारभारात नाही, आणि त्याचा पुरावा त्याच महाड तालुक्यात मिळतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल महापुरात वाहून गेला, आणि राजापूर-बोरिवली व जयगड-मुंबई या एस.टी.च्या दोन गाड्या, काही खासगी वाहनांसह, त्या काळोखातील खिंडारात गेल्या. पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झालेली होती आणि तीत धोका आढळला नव्हता. म्हणजे दफ्तर पुरे होते. अवघ्या काही मैलांवरून जाणाऱ्या कोकण रेल्वेवर त्याच पावसात गस्तवाले कंदील घेऊन फिरत असताना, शतकाकडे झुकलेल्या या पुलापाशी नदीचे पाणी किती चढले हे पाहणारा आणि अमुक खुणेपर्यंत चढले की दोन्ही टोकांना आडवे बांबू टाकून रस्ता बंद करणारा एकही माणूस नेमलेला नव्हता. पूल गेल्याचे लक्षात येताच रस्त्यावर धावून येणाऱ्या गाड्यांना अडविले ते आसपासच्या लोकांनी. पुढे नवा पूल विक्रमी म्हणजे १६५ दिवसांत बांधून झाला, आणि त्या कामाबद्दल अभियंत्यांचे करावे तेवढे अभिनंदन थोडे आहे. परंतु पूल जलद बांधण्याची क्षमता आणि पूल वेळेवर बंद करण्याची क्षमता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दुसरीस पैसा जवळजवळ लागत नाही.

महामार्गांविषयी आणखी थोडे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवून, अपघाताच्या प्रत्येक जागेचा स्वतंत्र अभ्यास करून, कठड्यांची टोके, दुभाजकांतील उघडे खांब, उभ्या असलेल्या ट्रकांना पाठीमागून बसणाऱ्या धडका अशी कारणे एकेक करून निवारण्याचा जो उपक्रम सेव्हलाइफ फाउंडेशन आणि रस्ते विकास महामंडळ यांनी हाती घेतला, त्याने मृत्यूंची संख्या खरोखरीच उतरली. अपघात म्हणजे चालकाचे नशीब किंवा त्याचा बेदरकारपणा, एवढ्यावर विचार थांबविण्याची जी आपली परंपरा आहे तिला या उपक्रमाने छेद दिला. तथापि १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण आतल्या आत होरपळून गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशकात तसेच घडले होते. बस पेटल्यावर बाहेर पडण्यास मिळणारा अवधी मिनिटांत मोजावा इतका अल्प असतो. दार जमिनीकडे दबले असता काच कोठून फोडावी, हातोडी कोठे आहे, वरचा झडपा उघडतो की रंगाने चिकटून बसला आहे, हे झोपलेल्या प्रवाशास निघतानाच सांगितले गेले पाहिजे. विमानात प्रत्येक उड्डाणापूर्वी जे बंधनकारक आहे ते रात्रभर धावणाऱ्या शयनयान बसमध्ये का नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. अपघातानंतरच्या शुश्रूषेत मात्र २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांनी आणि जखमीस मदत करणाऱ्यास पोलिसी ससेमिऱ्यातून सोडविणाऱ्या २०१९ च्या कायद्याने मोठा फरक घडविला आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा प्रश्न या सर्वांहून निराळा आणि दुर्घट आहे. कारण तेथे दररोज सुमारे ७५ लाख माणसे प्रवास करतात, आणि ज्या यंत्रणेवर एका महानगराचा श्वास चालतो ती थांबविणे हेच स्वतः एक संकट होऊन बसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास त्याच वेळात जेमतेम ७३. म्हणजे दक्षिण मुंबईच्या कचेऱ्यांत बसलेल्या अधिकाऱ्यांच्या खिडकीबाहेर साधा पावसाळी दिवस होता आणि उत्तरेस मिठी नदी घरांत शिरली होती. गाड्या थांबल्या, परंतु कोणी विचारपूर्वक थांबविल्या म्हणून नव्हे. रूळ बुडाले म्हणून थांबल्या. लाखो माणसे रुळांवरून, गळाभर पाण्यातून चालत निघाली, कारण दुपारीच कचेऱ्या सोडू नका किंवा आत्ताच सोडा असे निःशंकपणे सांगणारा एकच आवाज त्या दिवशी नव्हता. चौदा वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी, कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा चित्र पुष्कळ पालटलेले दिसले: राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, सैन्य, रेल्वेचे कर्मचारी आणि चामटोलीसारख्या शेजारच्या गावांतील माणसे यांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांना एकही जीव न गमावता बाहेर काढले. प्रवाशांना गाडीतच बसून राहण्यास वारंवार बजावण्यात आले होते, आणि माझ्या मते त्या सूचनेनेच निम्मे काम केले. गाडी त्या सखल भागात जाण्यापूर्वीच बदलापुरास का रोखली गेली नाही, हा प्रश्न मात्र सुटकेच्या आनंदात मागे पडला.

गर्दीचे संकट पाण्याच्या संकटाहून कमी दिसते म्हणून अधिक घातक. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर, पावसाने थबकलेला जमाव आणि मागून येणाऱ्या गाड्यांतून उतरणारा जमाव एकमेकांवर दाटून २३ माणसे चेंगरून मेली. रुंद पुलाची मागणी प्रवासी फार पूर्वीपासून करीत होते. नंतर सैन्याच्या अभियंत्यांनी पाच महिन्यांच्या आत नवा पूल उभारून दिला. परंतु पूल भरत आला आहे हे पाहून खालच्या गाडीस दोन मिनिटे सिग्नलबाहेर उभी करावी, इतका साधा उपाय त्या सकाळी कोणाच्या अखत्यारीत होता? जिन्यावरची गर्दी पाहणारा जवान एका खात्याचा, गाडी आत घेणारा दुसऱ्या खात्याचा. याउलट ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळताना चंद्रशेखर सावंत या मोटरमनने पाहिला आणि क्षणार्धात तातडीचा ब्रेक लावून आपली लोकल थोड्या अंतरावर उभी केली. तेथे पाहणारा आणि थांबविणारा एकच होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल, अल्पकाळापूर्वी संरचनात्मक तपासणीत योग्य ठरलेला असताना, भर संध्याकाळी खाली आला. सावित्रीचीच ही पुनरावृत्ती होती: कागद निर्धास्त, पूल जीर्ण.

आता घातपाताचा विचार करू. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांच्या पहिल्या वर्गांच्या डब्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. त्या रात्री रुळांकाठच्या झोपडपट्ट्यांतील माणसांनी घरच्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना रुग्णालयांत नेले. शासनाची यंत्रणा पोहोचण्यापूर्वीची ती अमूल्य मिनिटे त्या माणसांची होती. कोणत्याही आपत्तीत पहिला मदतनीस हा शेजारीच असतो, हे आता जगभर मान्य झाले आहे. तरी त्या वस्त्यांतील तरुणांना रक्त थांबविण्याचे, मोडलेले अंग न हलविता उचलण्याचे शिक्षण देण्याची कायमची तजवीज आपण केली नाही, याची मला खंत वाटते. मोरारजी देसाई यांनी डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत स्थापलेली होमगार्ड संघटना आणि नागरी संरक्षण दल या दोन्ही संस्था त्यासाठी हाताशी आहेत. मे २०२५ मध्ये देशभर सराव झाले तेव्हा त्यांची आठवण झाली, आणि सराव संपताच ओसरली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या दालनात दोन हल्लेखोरांनी पन्नासाहून अधिक माणसांचे प्राण घेतले. लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथे धारातीर्थी पडले. त्याच वेळी उपनगरी दालनावरील उद्घोषकाच्या खोलीत बसलेल्या विष्णू झेंडे यांनी खालचे दृश्य पाहिले आणि येणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांना कोणत्या दिशेने बाहेर पडावे हे ध्वनिक्षेपकावरून ते सतत सांगत राहिले; त्यांच्या आवाजाने किती माणसे वाचली याची गणती होणार नाही. गाड्यांच्या वेळा सांगण्यासाठी नेमलेल्या माणसाने तो ध्वनिक्षेपक स्वतःच्या बुद्धीने जीवरक्षणासाठी वापरला. त्यानंतर कॅमेरे आले, धातुशोधक चौकटी आल्या, राम प्रधान समितीचा अहवाल आला, फोर्स वन हे विशेष पथक उभे राहिले. हे सर्व आवश्यक होते. तथापि फलाटावर रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, गुन्ह्याचा तपास करणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे, आणि स्थानकाच्या दारापलीकडचा रस्ता शहर पोलिसांचा, ही तीन मुलखांची विभागणी तशीच राहिली. आणि दररोज लाखो माणसे ज्यांतून जातात त्या उघड्या दारांवर विमानतळासारखी झडती घेणे व्यवहारतः अशक्य असल्यामुळे, या तिघांच्या एकवाक्यतेवरच सारी भिस्त आहे.

विमानतळांचा उल्लेख आलाच आहे, तर एवढेच म्हणतो की तेथे ही एकवाक्यता रक्ताच्या मोबदल्यातच आली. जून १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमान स्फोटाने समुद्रात पडून ३२९ जण गेले, त्यानंतर नागरी विमान सुरक्षा विभागास १९८७ साली स्वतंत्र स्थान मिळाले. डिसेंबर १९९९ मधील विमान अपहरणानंतर, २००० सालच्या प्रारंभी जयपूरपासून, विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे एकहाती आली. एक नियम करणारा, एक अंमल करणारा, आणि शंका आली तर विमान न सोडण्याची सर्वांस मुभा, ही रचना तेव्हापासून टिकून आहे.

मी आतापर्यंत थांबविण्याची थोरवी गायिली. परंतु थांबविणेही अविचाराने झाले तर जीव घेते, हे सांगितल्याखेरीज हा आढावा प्रामाणिक ठरणार नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेनजीक पुष्पक एक्स्प्रेसच्या डब्यात आगीची अफवा उठली, साखळी ओढली गेली, गाडी थांबली. भ्यालेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले, आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांतील बारा-तेरा जणांना चिरडले. साखळीने गाडी थांबविण्याचा अधिकार प्रत्येक प्रवाशास आहे. पण थांबल्यावर कोणत्या बाजूस उतरावे, किंवा मुळीच उतरू नये, हे त्याला कोणी शिकविलेले नाही, आणि शेजारच्या मार्गावरील गाडीस तत्क्षणी रोखण्याची जोड त्या साखळीला नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज एकाएकी गेली आणि लोकल जागोजाग उभ्या राहिल्या, तेव्हा त्या महामारीच्या दिवसांत गाड्यांत गर्दी बेताची होती. ऐन गर्दीच्या काळात तसे झाले असते तर दोन स्थानकांच्या मध्ये अडकलेले लाखो लोक रुळांवर उतरले असते.

नव्या साधनांनी हा प्रश्न अधिक अवघड केला आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी पावसाने लोकल बंद पडल्या म्हणून मोनोरेलवर लोटलेल्या प्रवाशांचा भार तिच्या क्षमतेबाहेर गेला आणि म्हैसूर कॉलनीपाशी ती अधांतरी उभी राहिली. ५८२ जणांना अग्निशामक दलाने शिड्यांनी खाली उतरविले. रुळांलगत चालत जाण्याची वाट नसलेल्या उंच मार्गावर सुटकेचा दुसरा उपाय नव्हता. एका साधनाची बंदी दुसऱ्यावर कसा भार लोटते, आणि त्या वेळी फलाटाचे दार लावून घेण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले असते तर तो प्रसंग ओढवला नसता. त्याआधी २६ मे रोजी, मुंबईत पावसाळा नेहमीपेक्षा फार लवकर दाखल झाला तेव्हा, जेमतेम पंधरवड्यापूर्वी उघडलेल्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वाराची भिंत फोडून पाणी शिरले. सुदैवाने माणसे दगावली नाहीत. कोकण रेल्वेने जांभ्याच्या कटायांपाशी जो धडा घेतला तोच भुयारी मार्गाने या पहिल्या पावसाकडून घ्यावयाचा आहे.

उरतो तो चौकशीचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच मूळ आहे. रेल्वेच्या मोठ्या अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असतात. ज्याच्या हातून चूक घडली त्यानेच स्वतःची चौकशी करू नये, या न्याय्य तत्त्वावर ती योजना उभी आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली याहून पुढे जाऊन संसदेच्या कायद्याने स्थापित अशा स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली, आणि रूळ ओलांडताना दरवर्षी मरणाऱ्या सुमारे पंधरा हजार माणसांचा, त्यांतील सुमारे सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावरच्या, असा उल्लेख केला की जो वाचून कोणाही संवेदनशील माणसाची झोप उडावी. सुरक्षेसाठी निधी पुढे मिळाला; स्वतंत्र प्राधिकरण आलेले नाही. मुंबईच्या लोहमार्गांवरील एकूण मृत्यूंची संख्या आता पुष्कळ खाली आली असली तरी दरवर्षी दोन हजारांच्या वर आहे, आणि ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारी माणसे पडून मेली तेव्हा कोठे बंद दारांच्या साध्या गाड्यांचा निर्णय झाला.

रस्ते आणि जलमार्ग यांना तर असा आयुक्तही नाही. रस्त्यावरील अपघाताचा तपास पोलीस गुन्ह्याच्या अंगाने करतात, कोणावर खटला भरावा हे ठरवितात, आणि पूल का पडला किंवा बसचे दार का उघडले नाही हा प्रश्न एखाद्या तात्पुरत्या समितीच्या दफ्तरात जातो. राज्य विधिमंडळाने मनावर घेतले तर महाराष्ट्रापुरते असे एक स्वतंत्र वाहतूक चौकशी मंडळ, ज्याचे अहवाल मराठीत आणि मुदतीत छापले जातील, स्थापन होऊ शकते. त्याने पहिल्याच वर्षी हाती घ्यावयाचे काम माझ्या मनात स्पष्ट आहे: राज्यातील प्रत्येक जुन्या पुलाची एक नोंदवही करावी, प्रत्येकाच्या खांबावर पाण्याची खूण रंगवावी, ती खूण बुडाली की पूल बंद करण्याचा अधिकार ज्याला आहे त्या मैलकामगाराचे किंवा पोलीस पाटलाचे नाव त्या पुलासमोर लिहावे, आणि ते नाव व त्याचा दूरध्वनी क्रमांक जवळच्या पोलीस ठाण्यात आणि एस.टी. आगारात, रात्रपाळीच्या चालकास निघताना दिसेल अशा जागी, दरसाल मे महिना संपण्यापूर्वी लावावा.